धांवती पंगत : रस्त्यावरील शर्यतींतील शिष्टाचार

पंगतीचे नियम आपणांपैकीं कोणीं पुस्तकांतून पाठ केलेले नाहींत. सर्वांचीं पानें वाढून झाल्यावांचून भाताला हात लावूं नये, पानांत टाकूं नये, वाढणाऱ्याला तिष्ठत ठेवूं नये, शेजाऱ्याचें जेवण आटोपल्यावांचून उठूं नये, हें सारें घरच्या वडील माणसांशेजारीं पाटावर बसूनच आपण शिकलों. एका ओळींत शंभर माणसें बसलीं आणि प्रत्येकानें आपापल्या भुकेचाच विचार केला, तर जेवण उरकेल, पण त्यास पंगत म्हणतां येणार नाहीं. गेल्या कांहीं वर्षांत आपल्याकडे एक नवी पंगत पडूं लागली आहे. ती पाटावर बसत नाहीं, रस्त्यानें धांवते, इतकाच फरक.

हिवाळा लागला, कीं रविवारीं पहांटे शहरांत आणि आतां तालुक्यांच्या गांवींही शर्यती भरतात. कोणी तीन किलोमीटर धांवतो, कोणी पांच, कोणी दहा. कोणी अर्धी मॅरेथॉन, म्हणजे एकवीस किलोमीटरांहून किंचित् अधिक, तर कोणी पुरी बेचाळीस किलोमीटर १९५ मीटर. आजोबा आणि नातू एकाच रंगाचा टी-शर्ट घालून एका रस्त्यावर उभे राहिलेले दिसतात. ही गोष्ट खरोखर अभिनंदनीय आहे. परंतु पंगतीचे नियम शिकवावयास घरीं आजी होती. या पंगतीचे नियम सांगणारें वडील माणूस बहुतेक घरांत नाहीं. घरांतला पहिला धांवणारा स्वतःच नवशिका असतो. मग नियम ठाऊक नसल्यामुळें कोणाचा पाय मुरगळतो, कोणाच्या जिवावर बेततें, आणि कधीं कधीं, शरीर धडधाकट राहूनही, एखाद्या मुलाच्या मनावर खोटेपणाचा संस्कार होतो. या तिसऱ्या अपायास औषध नाहीं. म्हणून हा लेखप्रपंच.

ही प्रथा परकी नव्हे

‘मॅरेथॉन’ हें नांव ग्रीस देशांतील एका गांवाचें खरें. पण लांब पल्ला धांवण्याचा गुण आपल्या मातींत जुना आहे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याची स्थापना सन १९०६ मध्यें झाली. त्या संस्थेच्या सन १९१९ च्या क्रीडासमारंभांत आसपासच्या खेड्यांतील शेतकरी अनवाणी धांवले. अध्यक्ष सर दोराबजी टाटा यांनीं त्यांची चाल पाहिली आणि हीं माणसें जगाच्या मैदानांत उभीं राहण्याच्या योग्यतेचीं आहेत, असें त्यांच्या मनानें घेतलें. मुख्यतः त्यांच्या पुढाकारानें सन १९२० मध्यें बेल्जममधील अँटवर्प येथील ऑलिंपिक सामन्यांस हिंदुस्थानचे खेळाडू गेले. त्यांत बेळगांवचे फडेप्पा दरेप्पा चौगुले होते. मॅरेथॉनमध्यें त्यांचा एकोणिसावा क्रमांक लागला. पुढें सन १९८३ मध्यें पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन सुरू झाली, सन २००४ मध्यें मुंबईची, आणि सन २०१२ मध्यें साताऱ्यास यवतेश्वराचा घाट चढून जाणारी डोंगरावरील अर्धी मॅरेथॉन. तेव्हां धांवणें आम्हांस नवें नाहीं. हजारों माणसांनीं एकाच वेळीं, एकाच सार्वजनिक रस्त्यावरून धांवणें, हें मात्र नवें आहे. आणि शिष्टाचाराची गरज तेथेंच उत्पन्न होते.

रस्ता कोणाचा?

पहिला प्रश्न हा, कीं ज्या रस्त्यावर आपण धांवतों, तो कोणाचा? कारेगांवच्या रहिवाशांस या प्रश्नाचें महत्त्व फोड करून सांगावयास नको. पुण्याहून अहिल्यानगरकडे जाणारा राजमार्ग गांवाजवळून जातो. एका अंगास रांजणगांवचा महागणपति, जो अष्टविनायकांपैकीं एक. आणि दुसऱ्या अंगास औद्योगिक वसाहत. चतुर्थीस भाविकांच्या गाड्या, कारखान्यांच्या पाळ्या बदलतांना कामगारांच्या बसगाड्या आणि मोटारसायकली, दिवसरात्र मालाचे ट्रक, सुगीच्या दिवसांत उसानें भरलेल्या ट्रॉल्या, असा हा रस्ता क्षणभर रिकामा नसतो. अशा ठिकाणीं शर्यत ठरविणाऱ्यांनीं पोलिसांची परवानगी घेऊन आंतल्या गांवरस्त्याचा मार्ग आंखावा, हा त्यांचा पहिला धर्म. मार्गावरील प्रत्येक वाडीला दिवस, वेळ आणि कोणता रस्ता किती वेळ बंद राहील, हें अगोदर कळविणें हा दुसरा.

धांवणाऱ्यानें मनांत बाळगावयाची गोष्ट अशी, कीं रस्ता त्याला दोन तासांपुरता उसना मिळालेला आहे. ज्याचें दूध डेअरीवर वेळेवर पोंचलें पाहिजे, जिची रात्रपाळी संपून ती घरीं निघाली आहे, ज्याचा बाप दवाखान्यांत आहे, त्या सर्वांनीं आपली सोय बाजूला ठेवून ही उसनवारी केलेली असते. म्हणून वाहन अडलें असतां वाहनवाल्याशीं हुज्जत घालूं नये. तें काम पोलिसांचें व स्वयंसेवकांचें. रुग्णवाहिकेचा आवाज आला, कीं पुढचा क्रमांक, मागचा क्रमांक सर्व विसरून कडेला व्हावें. महाराष्ट्रांत १०८ क्रमांकावर बोलावतां येणारी रुग्णवाहिका सन २०१४ पासून सुरू आहे. तिची वाट अडविणारा मनुष्य पहिला आला काय आणि शेवटचा आला काय, दोहोंची किंमत सारखीच.

शर्यतीपूर्वींच्या सरावालाही हाच नियम लागू आहे. शर्यतीच्या दिवशीं बंदोबस्त असतो. सरावाच्या पहांटे नसतो. रस्त्यावर एकट्यानें धांवतांना उजव्या कडेनें, म्हणजे समोरून येणारें वाहन दिसेल अशा रीतीनें धांवावें. अंधारांत पांढरा किंवा चकाकणारा सदरा घालावा. आणि कानांत गाण्याचीं बोंडें घालून राजमार्गाच्या कडेनें मुळींच धांवूं नये. डोळे पुढें पाहतात, पण मागचें फक्त कानच सांगतात.

नंबर आणि नांव

नांव नोंदविल्यावर छातीवर लावावयास एक नंबर मिळतो. त्यास धांवणारे लोक ‘बिब’ म्हणतात. हा कागदाचा तुकडा क्षुल्लक दिसतो आणि म्हणूनच त्याच्याविषयीं मोठ्या चुका होतात. ऐन वेळीं येणें जमलें नाहीं, कीं मनुष्य आपला नंबर मेहुण्यास किंवा शेजाऱ्याच्या मुलास देऊन मोकळा होतो. ‘पैसे भरलेले आहेत, वायां कशाला घालवा?’ हा त्यांतला विचार. लग्नाचें आमंत्रण एका घराला आलें असतां दुसऱ्या घरानें जाऊन जेवावें, तसा हा प्रकार. परंतु येथें प्रश्न केवळ शोभेचा नाहीं. त्या नंबराशीं नांव, वय, रक्तगट आणि संकटकाळीं कोणास कळवावें तो दूरध्वनि जोडलेला असतो. पुष्कळ वेळां हा मजकूर नंबराच्या पाठीवरच लिहावयाचा असतो. पंचविशीचा तरुण पन्नाशीच्या गृहस्थाचा नंबर लावून धांवतांना कोसळला, तर डॉक्टरांच्या हातीं भलत्याच माणसाची माहिती पडते, आणि घरीं सुखरूप चहा घेत बसलेल्या गृहस्थाच्या बायकोला दवाखान्यांतून बोलावणें येतें. म्हणून नंबर बदलावयाचा झाल्यास संयोजकांच्या नियमाप्रमाणें, त्यांना विचारून बदलावा. तशी सोय नसेल, तर सरळ सोडून द्यावा.

दुसरें, नंबरावांचून फुकट धांवणें. रस्ता सार्वजनिक आहे हें खरें. पण वाटेंतलें पाणी, केळीं, औषध आणि पदक हीं नोंदलेल्या माणसांच्या हिशेबानें मांडलेलीं असतात. आगंतुकानें घेतलेला पेला शेवटून येणाऱ्या एखाद्या वृद्धाच्या तोंडचा असतो.

तिसरी गोष्ट सर्वांत नाजूक आहे, आणि ती पालकांसाठीं आहे. गांवच्या शर्यतींत वयाचे गट असतात आणि विजेत्यास रोख बक्षीस असतें. मुलगा पंधरा वर्षांचा, पण अंगानें लहानखुरा. मग त्याला चौदांच्या आंत दाखविण्याचा मोह बापाला होतो, आणि कधीं कधीं, सांगावयास वाईट वाटतें, पण शिक्षकालाही होतो. जन्मतारखेचा कागद ‘विसरला’ म्हणून सांगितलें जातें. मूल हें सर्व शेजारीं उभें राहून पाहत असतें. तें धांवतें, पहिलें येतें, टाळ्या पडतात. पण त्याच वेळीं ज्या तेरा वर्षांच्या पोरानें आपल्या बळावर पहिलें यावयाचें, तें दुसरें येऊन मुकाट्यानें घरीं जातें. त्या दोन मुलांनीं त्या सकाळीं काय शिकावें? एकानें शिकावें, कीं खोटें फळास येतें. दुसऱ्यानें शिकावें, कीं खरें फळास येत नाहीं. शाळेंत वर्षभर घेतलेला नीतिपाठ असा एका तासांत धुऊन निघतो. हजार रुपयांच्या पाकिटासाठीं एवढी किंमत देणारा बाप व्यवहारचतुर नव्हे, तो घाट्याचा व्यापारी होय.

खोटेपणा फार दिवस लपतही नाहीं. अमेरिकेंतील बॉस्टनच्या मॅरेथॉनमध्यें सन १९८० सालीं रोझी रुईझ नांवाची एक स्त्री स्त्रियांत पहिली आली. तिच्या चेहऱ्यावर पुरेसा घामही नव्हता, आणि वाटेंतील निरीक्षकांपैकीं कोणींच तिला पुढें धांवतांना पाहिलें नव्हतें. ती अखेरच्या टप्प्यावर गर्दींतून रस्त्यावर आली होती, असें ठरून कांहीं दिवसांतच तिचें बक्षीस रद्द झालें. हल्लीं तर नंबराच्या मागें किंवा बुटाच्या नाडीला एक चिप असते. रस्त्यांत आंथरलेल्या पट्ट्यांवरून पाय गेला, कीं वेळेची नोंद होते. कोणी मधली वाट धरली, तर तेवढ्या पट्टीवर त्याची नोंदच सांपडत नाहीं. तथापि चिप आहे म्हणून खरें धांवावें, हा हेतु हलका आहे. पट्टी नसलेल्या वळणावर मनुष्य जसा वागतो, तसा तो असतो.

आरंभरेषेवर

पंगतींत जशी ज्याची त्याची जागा, तशी येथेंही आहे. जलद धांवणाऱ्यांनीं पुढें, मध्यम गतीच्यांनीं मध्यें आणि चालत जाणाऱ्यांनीं मागें उभें राहावें. अनेकांस वाटतें, कीं मागें उभें राहिल्यास आपली वेळ वायां जाईल. चिपेमुळें तशी भीति उरलेली नाहीं. आपण आरंभरेषा ओलांडली तेव्हांपासून आपली वैयक्तिक वेळ मोजली जाते. बक्षिसांचे क्रमांक मात्र बहुधा इशाऱ्याच्या बारापासूनच्या वेळेवर ठरतात. म्हणून खरोखर बक्षिसासाठीं धांवणाऱ्यास पुढची जागा मिळणें न्याय्य आहे. जो पहिल्या ओळींत छायाचित्रासाठीं उभा राहतो आणि बार होतांच चालूं लागतो, तो मागील शंभर माणसांच्या वाटेंत धोंडा होऊन बसतो. लहान मुलांना तर मोठ्यांच्या गर्दींत पुढें उभें करणें हा निव्वळ अविचार होय. पहिल्या पन्नास पावलांतच मुलें पायांखालीं सांपडण्याची भीति असते.

राष्ट्रगीत किंवा सूचना चालू असतांना हातपाय झाडीत, गप्पा मारीत राहूं नये. आपल्या घरीं आरती चालू असतां कोणी व्यायाम करीत नाहीं.

वाटेंत

आळंदीची पालखी ज्यांनीं पाहिली आहे, त्यांस शिस्तीनें चालणारा समुदाय म्हणजे काय, हें निराळें सांगावयास नको. रथापुढील दिंड्या व रथामागील दिंड्या, प्रत्येकीचा क्रमांक ठरलेला. लाखों माणसें चालतात, पण कोणती दिंडी कोठें, यावर भांडण नाहीं. आणि वेळापूरजवळ धांवा होतो, तेव्हां तीच माणसें धांवूंही लागतात. रस्त्यावरच्या शर्यतींत दिंडीचा क्रमांक नसला, तरी दिंडीचें भान असावें.

साधे नियम असे. आपली गति हळूं असेल, तर डाव्या कडेनें जावें. पुढच्यास ओलांडतांना ‘उजवीकडून येतों’ एवढे दोन शब्द बोलून उजवीकडून जावें. कोपर मारूं नये, आणि ओलांडल्याबरोबर लगेच त्याच्या पायांपुढें येऊं नये. मित्रमंडळींनीं चौघांची भिंत करून धांवूं नये. दोघांहून अधिक एका ओळींत नसावे. ज्या मार्गानें जावयाचें त्याच मार्गानें परत यावयाचें असेल, जसें साताऱ्याच्या शर्यतींत आहे, तेथें हा नियम दुप्पट पाळावा. कारण घाटांत समोरून उताराचा वेग घेऊन माणसें येत असतात. थांबावयाचें झाल्यास हात वर करून, मागें पाहून, आधीं कडेला व्हावें आणि मग थांबावें. बुटाची नाडी बांधण्यासाठीं रस्त्याच्या मध्यभागीं वांकलेला मनुष्य आणि अंधाऱ्या माजघरांत वाटेंत ठेवलेला पाट, हे दोन्ही सारखेच घातक.

थुंकण्याविषयीं दोन शब्द लिहिणें भाग आहे. धांवतांना तोंडाला फेस येतो, नाक वाहतें. हा देहधर्म आहे. पण मागें माणूस आहे, वारा आहे, हेंही खरें आहे. खिशांत एक रुमाल ठेवावा. तो नसेल तर कडेला जाऊन, कोणी नाहीं असें पाहून मोकळें व्हावें. लघुशंकेसाठीं कोणाच्या बांधावर, ज्वारीच्या ताटांत किंवा देवळाच्या भिंतीशीं जाणें हा त्या घरधन्याचा अपमान होय. निघण्यापूर्वीं ती व्यवस्था पाहावी. संयोजकांनींही ती पुरेशी ठेवावी आणि स्त्रियांसाठीं निराळी ठेवावी.

मोबाईलनें छायाचित्र घेणें आतां कोणाच्या सांगण्यानें बंद होणार नाहीं. तेव्हां एवढेंच सांगावें, कीं तें कडेला उभें राहून घ्यावें; आणि दुसऱ्याचें, विशेषतः दमून बसलेल्या किंवा पडलेल्या माणसाचें, त्याला न विचारतां कदापि घेऊं नये.

पाण्याचें टेबल

पाण्याचें टेबल दिसतांच पहिल्याच पेल्यावर झडप पडते आणि तेथें कोंडी होते. टेबल लांब असतें. पुढच्या टोकाचा पेला घ्यावा, म्हणजे मागून येणाऱ्यांस वाट राहते. तहान असेल तेवढेंच घ्यावें. अर्धी बाटली पिऊन अर्धी भिरकावून देणें म्हणजे पानांत टाकणेंच आहे. आणि शिरूर तालुक्याच्या कित्येक गांवांनीं उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहत दिवस काढलेले आहेत, हें ध्यानांत ठेवलें, तर तें अन्नाहूनही अधिक लागतें. त्यापेक्षां लहान पेले भरून ठेवणें संयोजकांसही स्वस्त पडतें. रिकामा पेला पुढें ठेवलेल्या टोपलींत टाकावा. टोपली चुकली, तर कडेला टाकावा, रस्त्याच्या मध्यें नव्हे. ओल्या प्लास्टिकवरून पाय घसरून पडणारा मनुष्य आपल्या मागचाच कोणी तरी असतो.

पाणी देणाराही पहांटे चारला उठलेला असतो. बहुधा तो शाळा-कॉलेजचा विद्यार्थी असतो. त्याला पदक मिळावयाचें नसतें. ‘आभारी आहे, बाळ’ म्हणावयास श्वास पुरत नसेल, तर हात वर करून खूण तरी करावी. चौकांत उभा असलेला पोलीस, मागून रस्ता झाडीत येणारे सफाई कामगार, यांनाही हीच कृतज्ञता पोंचली पाहिजे. वाढणाऱ्याकडे न पाहतां जेवणारा मनुष्य आपल्याकडे असंस्कृत समजला जातो.

पडलेल्याला हात

शर्यतींत कोणी पडला, तर थांबावें कीं पुढें जावें? ज्याच्या मनांत हा प्रश्न फार वेळ रेंगाळतो, त्यानें आपल्या शिक्षणाविषयीं पुन्हां विचार करावा. जवळ दुसरें कोणी नसेल, तर थांबावें. असेल, तर पुढच्या टेबलावरील डॉक्टरांस निरोप द्यावा. मात्र मदत शहाणपणानें करावी. ओढून उठविणें, बळेंच पाणी पाजणें, धरून पुन्हां चालविणें हें करूं नये. सावलींत निजवून, गर्दी हटवून, जाणत्याला बोलावावें.

सन १९०८ मध्यें लंडनच्या ऑलिंपिकमध्यें डोरांडो पिएत्री नांवाचा इटालियन धांवक सर्वांच्या पुढें मैदानांत आला. पण त्याचें भान हरपलें होतें. तो पुनःपुन्हां कोसळला. पंचांनीं कळवळून त्याला उठविलें आणि शेवटच्या रेषेपलीकडे नेलें. परंतु मदत घेतली या कारणानें त्याचा क्रमांक रद्द झाला आणि अमेरिकेच्या जॉन हेज यास विजय मिळाला. नियमाप्रमाणें हें योग्यच झालें. दुसऱ्या दिवशीं राणी अलेक्झांड्रा हिनें पिएत्रीला स्वतःकडून एक प्याला दिला. नियम नियमाच्या जागीं आणि जिव्हाळा जिव्हाळ्याच्या जागीं, याचें हें चांगलें उदाहरण होय.

दुसरें उदाहरण अलीकडचें आहे. सन २०१२ च्या डिसेंबरांत स्पेनमधील बुर्लादा गांवीं माळरानावरील शर्यतींत केनियाचा एबल मुताई पुढें होता. रेषा ओलांडली अशा समजुतीनें तो थोडें अंतर बाकी असतांनाच थांबला. लोक ओरडूं लागले, पण त्यांची भाषा त्याला कळेना. मागून आलेला स्पेनचा इव्हान फर्नांडिस त्याला सहज ओलांडून पहिला येऊं शकला असता. त्यानें तसें केलें नाहीं. खुणेनें रेषा दाखवून त्यानें मुताईला पुढें जाऊं दिलें आणि आपण दुसरा आला. त्या वर्षीं पहिला कोण आला, हें नोंदवहींत आहे. दुसरा कोण आला, हें लोकांच्या स्मरणांत आहे.

स्त्रिया आणि शर्यत

सन १९६७ मध्यें बॉस्टनच्या मॅरेथॉनमध्यें कॅथरिन स्विट्झर ही तरुणी धांवत असतां एका अधिकाऱ्यानें मार्गांतच तिच्या अंगावरचा नंबर ओढून काढण्याचा प्रयत्न केला. कां, तर ती स्त्री होती. ऑलिंपिकमध्यें स्त्रियांची मॅरेथॉन सुरू व्हावयास १९८४ साल उजाडलें. आपल्याकडे नाशिक जिल्ह्यांतील सावरपाड्याच्या कविता राऊत यांनीं सन २०१० च्या राष्ट्रकुल सामन्यांत दहा हजार मीटरांत कांस्यपदक मिळविलें. साताऱ्याच्या माणदेशांतील ललिता बाबर सन २०१६ मध्यें रिओ ऑलिंपिकच्या अडथळ्यांच्या शर्यतीच्या अंतिम फेरींत धांवल्या. आणि आपल्याच पुणें जिल्ह्यांत बारामतीला लताबाई करे यांनीं पतीच्या औषधपाण्याच्या पैशांसाठीं, उतारवयांत, नऊवारी लुगडें नेसून, अनवाणी धांवून ज्येष्ठांची शर्यत जिंकली. त्यांच्यावर सन २०२० मध्यें चित्रपटही निघाला. त्यांच्या पायांत बूट नव्हते, म्हणून त्यांच्या विजयांत कांहीं उणें राहिलें नाहीं.

तेव्हां पुरुषांसाठीं शिष्टाचार एवढाच : स्त्री पुढें गेली, तर तिला गांठण्याच्या ईर्ष्येनें तिच्या टाचेला लागून धांवूं नये, तिच्या वेषावर बोलूं नये, न मागितलेला सल्ला देऊं नये, आणि सरावाच्या पहांटे एकट्या मुलीच्या मागें मोटारसायकल हळूं करणारा कोणी दिसला, तर ‘आपल्याला काय करावयाचें’ म्हणून मान फिरवूं नये. गांवांतल्या किती मुलींचें धांवणें अशा एका मोटारसायकलीमुळें बंद होतें, याची नोंद कोणत्याही चिपेंत होत नाहीं.

घरच्या मंडळींसाठींही एक नियम आहे. मुलगा शर्यतीस निघाला, कीं आई पहांटे उठून त्याला दूध देते. सून निघाली, कीं तिनें आधीं चहा, देवपूजेची तयारी आणि डबे उरकून जावें, अशी अपेक्षा असते. एका रविवारीं सासूबाईंनीं किंवा खुद्द नवऱ्यानें चहाचें आधण ठेवलें, तर घराचा कुळाचार मोडत नाहीं. एकत्र कुटुंबाचा अर्थ कामें वांटून घेणें हाच आहे. आणि जो वांटा दर रविवारीं एकाच अंगावर पडतो, त्याला वांटणी म्हणत नाहींत.

बघणाऱ्यांचें कर्तव्य

रस्त्याच्या कडेला उभ्या राहणाऱ्यांनींही शिस्त पाळावी. सन २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्यें ब्राझीलचा व्हांडरलेई द लीमा आघाडीवर धांवत असतां एका प्रेक्षकानें रस्त्यावर घुसून त्याला ढकललें. दुसऱ्या एका प्रेक्षकानें धांवत येऊन त्याला सोडविलें. लीमा तिसरा आला, पण हंसत हंसत रेषेपार गेला. आणि त्याच्या खिलाडूपणासाठीं त्याला पिएर द कुबर्तां यांच्या नांवाचें विशेष पदक देण्यांत आलें. तेव्हां कडेचा मनुष्य घात करूं शकतो, तसा आधारही देऊं शकतो. कुत्रीं बांधून ठेवावींत. मुलांनीं रस्त्यावर येऊं नये. फटाके वाजवूं नयेत. टाळ्या मात्र सर्वांसाठीं वाजवाव्यात, आणि शेवटच्यासाठीं जरा अधिक. पहिला येणारा अर्ध्या वेळांत घरीं जातो. शेवटचा त्याच्या दुप्पट वेळ उन्हांत राहतो. ‘अजून हे धांवतातच आहेत?’ असें हंसून म्हणणाऱ्यानें एकदां घरापासून वेशीपर्यंत धांवून पाहावें.

रेषेपलीकडे

शेवटची रेषा ओलांडली, म्हणून तेथेंच हात पसरून उभें राहूं नये; मागून येणारा वेगांत असतो. चालत पुढें जावें, पदक एकच घ्यावें, न्याहारीचें पाकीट एकच घ्यावें. घरच्यांसाठीं चार पाकिटें पिशवींत घालणारीं सुखवस्तु माणसें दृष्टीस पडतात, तेव्हां मान खालीं जाते. निकालाविषयीं तक्रार असल्यास ती पंचांकडे शांतपणें, लेखी करावी. आणि निर्णय लागला, कीं तो मान्य करावा. आपल्याला हरविणाऱ्याचा हात हातीं घेऊन त्याचें अभिनंदन करावें. मुलांना हें शिकविण्याचा दुसरा कोणताही मार्ग नाहीं. त्यांनीं तें बापाला करतांना पाहिलें पाहिजे.

संस्कृतांतील दोन शब्दांची गंमत सांगून हा लेख संपवितों. ‘शिष्ट’ हा शब्द ‘शास्’ धातूपासून साधला, तर त्याचा अर्थ ‘ज्याला शिकवण मिळाली आहे तो’ असा होतो. आणि ‘शिष्’ धातूपासून साधला, तर ‘मागें उरलेलें’ असा होतो. वैयाकरणांच्या दृष्टीनें हे दोन शब्द निराळे. पण शर्यत झाल्यावर दहा वाजतां जो मनुष्य त्या रस्त्यानें जाईल, त्याला ते एकच वाटतील. मागें काय उरलें आहे, यावरूनच धांवून गेलेले शिष्ट होते कीं नाहीं, हें त्याला कळेल. ‘धाव्’ या धातूलाही धांवणें आणि शुद्ध करणें असे दोन अर्थ आहेत. आपल्या गांवच्या पुढच्या शर्यतींत दोन्ही अर्थ एकदमच साधले, रस्ता सकाळीं होता त्याहून स्वच्छ होऊन मालकांच्या हवालीं झाला, आणि तेरा वर्षांच्या त्या पोराला त्याचें खरें बक्षीस मिळालें, म्हणजे पंगत उत्तम झाली असें समजावें.